व्हॉल्व्हला हात न लावता: गालेचे प्रेल्यूड, सात आठवड्यांनंतर

मी फ्रेंच हॉर्न शिकतोय: गुंडाळलेल्या नळीचं पितळी फुंकवाद्य, व्हॉल्व्ह म्हणजे नळीची लांबी बदलणाऱ्या त्याच्या कळा, डाव्या हाताने दाबायच्या. कॉप्राशच्या एट्यूडमुळे (सरावाच्या रचना) बोटं पळायला लागली, आवाज मात्र पत्र्याचा तो पत्र्याचाच, असं मागच्या नोंदीत रडून झालंय. म्हणून गेले सात आठवडे डाव्या हाताला सुट्टी दिली. डबल हॉर्नची (एकात दोन नळ्यांचा हॉर्न) एफ बाजू, म्हणजे लांब नळी, अंगठासुद्धा मोकळा, एकही व्हॉल्व्ह दाबायचा नाही. समोर झाक-फ्रांस्वा गालेचे ओपस 27, चाळीस प्रेल्यूड (छोट्या रचना).

गाले निवडला त्याला एक स्वार्थी कारण आहे. हा माणूस उशिरा आला. 1795 साली पेर्पिन्याँमध्ये जन्म, हॉर्नचे पहिले धडे हौशी वादक असलेल्या वडिलांकडे. पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत (संगीत विद्यालयात) शिरला तो 1820 मध्ये, वयाची मर्यादा उलटून गेल्यावर. आणि पुढच्याच वर्षी तिथला हॉर्नचा प्राध्यापक दोप्रा, त्याच्या वर्गातून पहिलं पारितोषिक! चाळिशीत हॉर्न हातात धरलेल्या माझ्यासारख्याला एवढा आधार पुरतो. (तो तेव्हा चोविशीत होता, हे मी सोयीस्करपणे विसरतो.) पुढे तेआत्र-इतालियँ या ऑपेरागृहात वादक, 1842 पासून कॉन्झर्व्हेटरीत दोप्राच्याच जागी प्राध्यापक.

पण गंमत पुढे आहे. तोवर व्हॉल्व्ह येऊन जुने झाले होते. त्याच इमारतीत मेफ्रे नावाचा दुसरा प्राध्यापक 1833 पासून व्हॉल्व्ह हॉर्न शिकवत होता. गाले मात्र शेवटपर्यंत साध्या नळीवर, बेलमध्ये (हॉर्नच्या रुंद तोंडात) घातलेल्या उजव्या हाताच्या जोरावर. व्हॉल्व्हने हॉर्नचा स्वभावच जातो, असं त्याचं ठाम मत. मला आधी हा निव्वळ हट्ट वाटायचा. आता अर्धा पटतो.

का, ते सांगतो. तानपुऱ्याचं अॅप पांढरी चारला लावलं आणि आठवा हार्मोनिक (नळीतून नुसत्या ओठ-फुंकरीने निघणाऱ्या नैसर्गिक सुरांतला आठवा) सा धरून वर चढत गेलो. रे, ग छान. हा ग पियानोपेक्षा किंचित उतरलेला, म्हणजे तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येतो तोच. दोन्ही जुळले की नळी हातात थरथरते. पण अकरावा हार्मोनिक धड शुद्ध मध्यम नाही, धड तीव्र नाही, ट्यूनरची सुई दोघांच्या मधोमध. तिथे तळवा जरा मिटून त्याला शुद्ध म पर्यंत खाली आणायचं. सा च्या खालचा नी हवा असेल तर सा वाजवतानाच बेल निम्मी झाकायची. हे लिहायला सोपं. पहिले दोन आठवडे हात मिटला की आवाज भांड्यात तोंड घालून बोलल्यासारखा, आणि उघडला की फाटका. बंद (हाताने झाकलेल्या) सुरावर फुंकर थोडी वाढवायची आणि उघड्या सुरावर मुद्दाम आवरायची, हे तिसऱ्या आठवड्यात कळलं. कळलं म्हणजे डोक्याला. हाताला पाचव्यात.

एक अडचण आधी लक्षातच आली नव्हती. प्रॅक्टिस म्यूट (आवाज दाबणारं बूच) लावता येत नाही, कारण बेलमध्ये हात हवा! त्यामुळे कपाटाचं दार उघडून, आतल्या गोधड्यांकडे बेल करून बसतो. तरी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात विचारलंच, “काय रे, संध्याकाळी शंख कोण फुंकतं?” बंद सुरांबद्दल याहून नेमकी टीका मला आजवर मिळालेली नाही.

पहिले वीस प्रेल्यूड मोजलेले, म्हणजे नोटेशनमध्ये मात्रांचे गट पाडणारे उभे दंडे आहेत. त्यातले अकरा बसले, तीन बरे, बाकीचे सोडले. खरा जीव मागच्या विसांत. त्यांत दंडेच नाहीत. मुख्य रचनेआधी वादक सूर चाचपतो, वाद्य तापवतो, तसं. मी मेट्रोनोम लावून एकविसावा वाजवायला बसलो आणि तासाभराने कंटाळून बंद केला. मग आईने स्वयंपाकघरातून सांगितलं, “अरे, आलापीला कोणी ठेका धरतं का?” तिने गाणं सोडून वीस वर्षं झाली, पण कान तिखट. त्या संध्याकाळी प्रत्येक वाक्य एका श्वासात धरलं, विरामावर खरंच थांबलो, आणि पहिल्यांदाच त्या पानावर काय लिहिलंय ते ऐकू आलं. बंद सूर हा दोष समजून लपवत होतो. गालेने काही जागी तो सावलीसारखा मुद्दाम ठेवलाय की काय, असं वाटायला लागलं. रेकॉर्डिंग ऐकल्यावर मत बदलू शकतं.

आकडेवारी: रोज चाळीस मिनिटं, त्यातली शेवटची दहा ओठ थकलेले असताना. पावसाळ्यामुळे स्लाइडमधून (नळीच्या सरकत्या तुकड्यांतून) पाणी नेहमीपेक्षा जास्त काढावं लागतंय, लांब सुरात गुरगुर ऐकू आली तर तेच. उजव्या मनगटाला थोडी कळ येते. तळवा मिटताना अंगठा आत दुमडत होतो, आता तर्जनीला टेकवून ठेवतो.

काल सात आठवड्यांनी व्हॉल्व्ह दाबून कॉप्राश काढला. आवाज जरा गोल झालाय, पण बोटं विसरली. दुसरा व्हॉल्व्ह चिकटूनही बसला होता. आज तेल घातलंय, उद्यापासून वीस मिनिटं हे, वीस मिनिटं ते. तेविसाव्यातला तो खालचा बंद रे कोणाला स्वच्छ निघत असेल तर हात किती मिटता ते लिहा. माझा अजून फुसकाच येतो.