तुम्ही विचारलंत म्हणून: हवेचा आकडा चुकतो कुठे

“उद्या हवेत किती प्रदूषण असेल ते संगणकावर काढता ना, मग आकडा चुकतो कसा?” लग्नात, लिफ्टमध्ये, मुलीच्या शाळेच्या फाटकाशी, कुणी ना कुणी विचारतंच. ज्यांच्या घरात दम्याचं माणूस आहे ते जरा रागानेच विचारतात, आणि तो राग मला रास्त वाटतो.

हवेतल्या बारीक कणांपैकी धूळ, काजळी, सल्फेट यांचा हिशेब त्यातल्या त्यात सरळ. अडवतात ते सेंद्रिय, म्हणजे कार्बनी संयुगांचे, कण. त्यातले कितीतरी कुठल्याच धुराड्यातून कण म्हणून निघालेले नसतात. पेट्रोल, रंग, थिनर, अत्तर, जळता कचरा, अगदी झाडंसुद्धा वाफा सोडतात. उन्हात त्या वाफांना ऑक्सिजन जोडला जातो, मग त्यांना हवेत वाफ म्हणून राहवत नाही आणि त्या आधीच्या कणांवर जाऊन बसतात. दुपार तापली की त्यातल्या काही पुन्हा उडतात. अशी संयुगं हजारोंनी आहेत. प्रत्येकाचं रसायन मॉडेलमध्ये, म्हणजे संगणकावरच्या आमच्या हिशेबात, घालत बसलो तर उद्याचा अंदाज उद्यापर्यंत हाती येणार नाही, म्हणून कोण किती सहज उडतं यावरून आम्ही त्यांचे मोजके गट पाडतो.

मग कुठल्या वाफेतून किती कण होतात, हे कळतं कसं? प्रयोगशाळेत खोलीएवढी टेफ्लॉनची पिशवी फुगवतात, तिच्यात वाफ सोडतात, दिव्यांनी ऊन पाडतात आणि झालेले कण मोजतात. वर्षानुवर्षं मॉडेलं याच आकड्यांवर चालली. २००३ साली मेक्सिको सिटीत प्रत्यक्ष हवा मोजली, तेव्हा असे कण मॉडेलच्या कित्येक पट निघाले. कारणं एकाहून जास्त होती. त्यातलं एक २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या विज्ञानसंस्थेच्या संशोधकांनी मांडलं: पिशवीच्या भिंतीच वाफ ओढून घेतात, आणि त्यामुळे कणांचा उतारा काही वेळा चौपटीपर्यंत कमी मोजला गेला होता. खवा किती निघाला ते सांगायचं आणि कढईला धरलेली खरवड हिशेबात घ्यायचीच नाही, तसं झालं हे.

कोण किती धूर सोडतो ही यादीही मॉडेलला लागते. रस्त्यावरच्या गाड्या निदान मोजता येतात. गल्लीच्या टोकाला रात्री पेटवलेला कचरा, हातगाडीवरची तळणीची कढई, घरातली चूल, हे सगळं अंदाजाने भरावं लागतं.

पण आकडा चुकला याची मला फार भीती वाटत नाही. जुळला की वाटते. एका हिवाळ्यात आमचा पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा, आकडा यंत्राच्या मोजणीशी सुरेख जुळला होता. पुढे फिल्टरवरच्या कणांचं रासायनिक विश्लेषण आलं, आणि कळलं की आम्ही धूळ जास्त धरली होती आणि सेंद्रिय भाग कमी. एका चुकीने दुसरीला झाकलं होतं. त्याच दिवसांत महापालिकेच्या बैठकीत कुणी विचारलं असतं, ‘कचरा जाळणं थांबवलं तर किती फरक पडेल?’, तर त्या जुळलेल्या मॉडेलने सांगितलं असतं, ‘फारसा नाही’. ते उत्तर घेऊन लोक घरी गेले असते.

तेव्हापासून मी एकच आकडा सांगत नाही. उत्सर्जनाचे आणि रसायनाचे आकडे बदलून मॉडेल अनेकदा चालवते आणि कुठपासून कुठपर्यंत ते सांगते. घरात दम्याचं माणूस असेल, तर त्यातला वरचा आकडा धरा.