एएमआर सर्वेक्षणासाठी सरकारी प्रयोगशाळा उभी करताना: माझा अनुभव

अँटिबायोटिक रेझिस्टन्सच्या (एएमआर, म्हणजे जंतूंनी औषधांना न जुमानणं) सर्वेक्षणात उतरायचं म्हटलं की पहिली मागणी मशीनची होते. ऑटोमेटेड मशीन आलं की प्रयोगशाळा तयार, असा प्रशासनाचा समज असतो, आणि बऱ्याच मायक्रोबायोलॉजिस्टचाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातली प्रयोगशाळा राष्ट्रीय जाळ्याला माहिती पाठवण्याजोगी करताना माझा वेळ गेला तो अगरची (जंतू वाढवायच्या जेलीची) जाडी, केसपेपरचा नंबर आणि ब्लड कल्चरच्या बाटलीत पडणारं रक्त यांवर. नुसत्या डिस्क डिफ्यूजनवरही (जंतू पसरलेल्या अगरच्या प्लेटवर औषधाच्या चकत्या ठेवून भोवतीचं वाढ नसलेलं वर्तुळ, म्हणजे झोन, मोजायची पद्धत) हे काम होतं, फक्त ते नीट व्हायला लागतं.

माहिती कुठे जाते ते थोडक्यात सांगतो. प्रयोगशाळेची व्होनेट या सॉफ्टवेअरमधली फाइल दिल्लीच्या एनसीडीसीकडे (राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र), म्हणजे त्यांच्या नार्स-नेट या राष्ट्रीय जाळ्यात, आणि तिथून देशाची एकत्रित माहिती जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्लास या जागतिक एएमआर सर्वेक्षणाकडे. ग्लास २०१५ साली सुरू झालं. आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) जाळं वेगळं, ते २०१३ पासूनचं. नेपाळ असो, केनिया असो की आपण, ग्लासला सगळ्यांकडून एकाच साच्यातली माहिती हवी असते. साचा एक असला तरी प्लेट वेगळी असेल तर तुलना फोल ठरते, म्हणून सुरुवात प्लेटपासून केली.

मुलर-हिंटन अगर (या टेस्टचा ठरलेला मीडिया, म्हणजे जंतूंचं खाद्य) लिटरला ३८ ग्रॅम, १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह. इथवर सगळे बरोबर करतात. गडबड ओतताना होते. अगर ४ मिमी जाड हवं; ९० मिमीच्या प्लेटला त्यासाठी साधारण २५ मिली लागतं. अंदाजाने ओतलं की हात आपोआप १५-१८ मिलीवर थांबतो, कारण मीडिया वाचवायची सवय. पातळ अगरवर झोन मोठे येतात आणि रेझिस्टंट जंतू सेन्सिटिव्ह (औषधाने आटोक्यात येणारा) दिसायला लागतो. मोजून ओतावं, आणि टेबल सपाट आहे का ते गवंड्याकडच्या स्पिरिट लेव्हलने तपासावं. आमचा कडप्प्याचा ओटा एका बाजूला उतरता होता. एकाच प्लेटवरचे झोन अंडाकृती येत होते ते त्यामुळे. ओट्याखाली पाचर मारून काम भागलं.

जंतूचं द्रावण ०.५ मॅकफारलंड (गढूळपणाचं माप), म्हणजे मिलीला सुमारे दीड कोटी नव्हे, पंधरा कोटी जंतू. तुलनेसाठीचं प्रमाण द्रावण प्रयोगशाळेतच करता येतं: १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.५ मिली आणि १ टक्का सल्फ्युरिक ॲसिड ९९.५ मिली. ६२५ नॅनोमीटरवर ०.०८ ते ०.१३ अशी शोषकता आली पाहिजे. नळी घट्ट बंद करून अंधारात ठेवायची, वापरण्याआधी जोरात हलवायची आणि काळ्या रेघांच्या कार्डासमोर धरून तुलना करायची. द्रावण झाल्यावर १५ मिनिटांच्या आत लॉन (प्लेटभर द्रावण पसरणं), लॉननंतर १५ मिनिटांच्या आत डिस्क, डिस्कनंतर १५ मिनिटांच्या आत इनक्युबेटर. सकाळी वीस द्रावणं एकदम करून ठेवायची पद्धत इथे मोडावी लागते, आणि टेक्निशियन लोकांना सर्वांत जास्त जड जाते तीच गोष्ट.

इनक्युबेटरचं एक आपल्याकडचं दुखणं पुस्तकात सापडत नाही. ३५ अंश, २ अंश कमी-जास्त, हा नियम थंड देशातल्या खोलीत आपोआप पाळला जातो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर जाते. साध्या इनक्युबेटरला तापवता येतं, गार करता येत नाही. २ अंशांची सूट असली तरी ३५ च्या वर गेलं की एमआरएसए (मेथिसिलिनला रेझिस्टंट स्टॅफ ऑरियस जंतू) निसटायला लागतो. तो ओळखायच्या सेफॉक्सिटिन डिस्कचा झोन मोठा येतो आणि रिपोर्ट चुकतो. उपाय दोन: कूलिंग असलेला बीओडी इनक्युबेटर, नाहीतर त्या खोलीला एसी. इंडेंटमध्ये (मागणीपत्रात) नुसतं ‘इनक्युबेटर’ लिहिलं तर साधाच येतो. तापमानाची नोंद सकाळी आणि दुपारी चार वाजता, अशी दोनदा घ्यावी. फक्त सकाळी घेतलेली नोंद वर्षभर सुंदर दिसते.

क्यूसीसाठी, म्हणजे टेस्ट बरोबर चालते का ते पाहायला, ई. कोलाय एटीसीसी (अमेरिकेतल्या जंतुसंग्रहाचा क्रमांक) २५९२२, स्टॅफ ऑरियस २५९२३ आणि स्यूडोमोनास २७८५३ हे तीन जंतू किमान लागतात. २५९२२ वर जेंटामायसिन १९ ते २६ मिमी, २५९२३ वर सेफॉक्सिटिन २३ ते २९. आधी रोज क्यूसी लावायचं. सलग २० दिवसांच्या वाचनांत एखाद्या डिस्कचं एकापेक्षा जास्त वाचन मर्यादेबाहेर गेलं नाही, की त्या डिस्कसाठी आठवड्यातून एकदा चालतं. नुसतं ‘फेल’ लिहून नवी प्लेट लावण्यात अर्थ नाही, फेल कसं झालं ते पाहावं. सगळेच झोन मोठे म्हणजे द्रावण पातळ किंवा अगर पातळ. सगळेच लहान म्हणजे उलटं. एकच डिस्क बिघडली तर ती डिस्कच खराब. इमिपेनेम आणि क्लॅव्युलॅनेटवाल्या डिस्क आधी जातात. अमिनोग्लायकोसाइडचे झोन लहान आणि टेट्रासायक्लिनचे मोठे दिसले तर पीएच उतरलेला आहे, तो ७.२ ते ७.४ हवा. फक्त स्यूडोमोनासवर जेंटामायसिन लहान येत असेल तर अगरमधलं कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त आहे, मीडियाचा लॉट बदला.

डिस्क फ्रीजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय कार्ट्रिज उघडायचं नाही, नाहीतर दव धरतं. वर्षभराच्या डिस्क एकदम मागवू नयेत; पुरवठ्याच्या आदेशातच ‘तीन हप्त्यांत, प्रत्येक वेळी किमान इतकी मुदत शिल्लक’ असं लिहून घ्यावं. आलेला खोका स्टोअरच्या टेबलावर शनिवार-रविवार पडून राहतो, म्हणून पार्सल थेट प्रयोगशाळेत उतरेल अशी लेखी परवानगी वेगळी घ्यावी.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. रजिस्टरमध्ये एस, आय, आर (सेन्सिटिव्ह, इंटरमीडिएट, रेझिस्टंट) लिहिणं बंद करून मिलिमीटर लिहायला लावलं. याला विरोध झाला, कारण डॉक्टरला आकडा नको असतो. पण एक उदाहरण पुरे आहे. ई. कोलायवर सिप्रोफ्लॉक्सासिनचा २३ मिमी झोन. सीएलएसआय या निकष ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या २०१८ च्या तक्त्यात २१ आणि वर म्हणजे सेन्सिटिव्ह, तेव्हा हा जंतू सेन्सिटिव्ह. २०१९ च्या तक्त्यात सेन्सिटिव्हची रेघ २६ वर गेली, तेव्हा तोच २३ मिमी इंटरमीडिएट. ज्यांनी नुसतं ‘एस’ लिहून ठेवलं त्यांच्या आलेखात २०१९ साली सेन्सिटिव्हिटी एकदम घसरलेली दिसते, आणि जंतूत काहीच बदललेलं नसतं. मिलिमीटर असतील तर व्होनेट जुनी माहिती नव्या निकषांवर क्षणात लावून देतं.

मिलिमीटरचा दुसरा उपयोग थोडा पोलिसी आहे. व्होनेटमध्ये झोनचा हिस्टोग्राम काढला की कोण प्लेट मोजतं आणि कोण नजरेने सांगतं ते कळतं. १५, २०, २५ वर खांब उंच आणि १७, २३ वर जवळजवळ शून्य, म्हणजे पट्टी हातात घेतलेलीच नाही. प्लेट उलटी धरून, काळ्या पार्श्वभूमीवर, परावर्तित उजेडात, पट्टीने किंवा व्हर्नियरने मोजायचं. कोट्रायमोक्साझोलला झोनच्या आतली पुसट वाढ सोडून द्यायची, प्रोटियसचा पसरलेला पातळ पडदाही. झोन नसेल तर ६ लिहायचं, डिस्कचा व्यास तेवढा असतो. शून्य लिहिलं की विश्लेषणात घोळ होतो.

व्होनेट फुकट आहे, साध्या कॉम्प्युटरवर चालतं. प्रयोगशाळेचं कॉन्फिगरेशन करताना प्रत्येक डिस्कचा मायक्रोग्रॅमचा आकडा खरोखर वापरात असलेल्या डिस्कशी जुळवून घ्यावा. दुसऱ्या प्रयोगशाळेची फाइल जशीच्या तशी उचलली तर हा आकडा हमखास चुकतो.

खरी डोकेदुखी रुग्णाच्या ओळखीची. ग्लासच्या हिशेबात एका रुग्णाचा, एका प्रकारच्या सॅम्पलमधला, एका जंतूचा, त्या कालावधीतला पहिलाच आयसोलेट (सॅम्पलमधून वेगळा काढलेला जंतू) धरतात. आपल्याकडे ओपीडीत दर खेपेला नवा केसपेपर, नवा नंबर. नावाचं रोमन स्पेलिंग दर वेळी निराळं. परिणामी आयसीयूतला एकच रुग्ण पाच रुग्ण होऊन आकड्यात येतो, आणि असे रुग्ण बहुधा सर्वांत रेझिस्टंट जंतूवाले असतात. आम्ही कायम नोंदणी क्रमांक फॉर्मवर सक्तीचा केला. दुसरी सक्ती भरती झाल्याच्या तारखेची. भरतीनंतर दोन दिवसांपर्यंत घेतलेलं सॅम्पल समाजातून आलेला संसर्ग, त्यानंतरचं रुग्णालयातला. तारीख नसेल तर ती नोंद ‘अज्ञात’ मध्ये जाते आणि निम्मी किंमत गमावते. वाढ न झालेल्या सॅम्पलचीही नोंद ठेवायची. किती जणांचं तपासलं हे माहीत नसेल तर किती जणांत सापडलं याला अर्थ नाही.

वॉर्डातलं काम प्रयोगशाळेच्या हातात नसतं, तरी त्यात पडावं लागतं. प्रौढ रुग्णाचं बाटलीला ८ ते १० मिली रक्त, दोन वेगवेगळ्या जागांवरून, अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी. प्रत्यक्षात ३ मिली येतं. बाटलीवर १० मिलीची मार्करने रेघ मारून पाठवली तर सिस्टरना सोपं जातं. व्याख्यानापेक्षा ही रेघ जास्त कामाची. क्लोरहेक्सिडीन लावल्यावर ३० सेकंद वाळू द्यायचं. बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नाही. लघवी मात्र दोन तासांत पोचणार नसेल तर फ्रीजमध्येच ठेवायची. हे दोन नियम हमखास उलटे पाळले जातात. कंटॅमिनेशन (बाहेरचा जंतू बाटलीत शिरणं) ३ टक्क्यांच्या खाली राहिलं पाहिजे. ते वॉर्डनिहाय काढून दरमहा त्या त्या वॉर्डाला कळवावं, सगळ्यांसमोर वाचून दाखवू नये. ज्या वॉर्डातून उपचार फसल्यावरच कल्चर येतं तिथला रेझिस्टन्स फुगलेलाच दिसणार, हे आकडे वाचताना लक्षात ठेवावं लागतं.

कोलिस्टिन या अँटिबायोटिकची डिस्क लावून झोन वाचणं पूर्ण बंद केलं. तो रेणू अगरमध्ये नीट पसरत नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (औषधाच्या वेगवेगळ्या प्रमाणांच्या द्रव मीडियात जंतू वाढतो का ते पाहणं) जमत नसेल तर डिस्क इल्यूशन जमतं: काचेच्या चार नळ्या, प्रत्येकीत १० मिली कॅटायन-ॲडजस्टेड (कॅल्शियम-मॅग्नेशियम ठरल्याइतकं असलेलं) ब्रॉथ, त्यात १० मायक्रोग्रॅमच्या अनुक्रमे ०, १, २ आणि ४ डिस्क. अर्धा तास तसंच ठेवून मग ५० मायक्रोलिटर द्रावण घालायचं. नळ्या काचेच्याच हव्यात, कोलिस्टिन प्लॅस्टिकला चिकटतं. ॲसिनेटोबॅक्टरला ही पद्धत लावू नये. व्हँकोमायसिनची डिस्कही स्टॅफसाठी निकामी, तिथे एमआयसीच (वाढ थांबवणारं औषधाचं किमान प्रमाण) लागते.

फाइल पाठवण्याआधी अशक्य निकाल गाळून घ्यावेत. क्लेबसिएला ॲम्पिसिलिनला सेन्सिटिव्ह, प्रोटियस कोलिस्टिनला सेन्सिटिव्ह, असं काही दिसलं (हे जंतू त्या औषधांना मुळातच रेझिस्टंट असतात) तर जंतूची ओळख चुकली आहे किंवा प्लेट मिसळली आहे. लिनेझोलिडला रेझिस्टंट स्टॅफ, व्हँकोमायसिनला रेझिस्टंट स्टॅफ ऑरियस, असं काही आलं तर शुद्ध कल्चरवरून पुन्हा ओळख, पुन्हा टेस्ट, आणि तरीही तेच आलं तर आयसोलेट राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेकडे. त्यासाठी संशयित आयसोलेट १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ७० अंशांवर आधीच जपलेला हवा. पाठवताना स्लँट (नळीतल्या तिरक्या अगरवर वाढवलेला जंतू), त्याभोवती शोषक कापूस आणि गळतीबंद डबा, बाहेर टणक खोका, वर यूएन ३३७३ चं (कॅटेगरी बी जैविक नमुन्याचं) लेबल. कुरिअरवाले ‘जंतू’ शब्द ऐकून पार्सल नाकारतात. कॅटेगरी बी म्हणजे काय याचं एक पानी पत्र सोबत द्यावं आणि सोमवारी पाठवावं, म्हणजे वाटेत रविवार येत नाही.

वर्षाअखेरीस वॉर्डांसाठी अँटिबायोग्राम (कोणत्या जंतूवर कोणतं औषध किती टक्के चालतं त्याचा तक्ता) काढताना ज्या जंतूचे ३० पेक्षा कमी आयसोलेट आहेत त्याची टक्केवारी छापत नाही. सर्जरीवाले दरवर्षी ती मागतात. त्यांना दोन वर्षांची माहिती एकत्र करून, तसं वर स्पष्ट लिहून देतो.