भुकेलं पोर पावाचे तुकडे टाकत नाही

कोल्हापुरात लग्न ठरलं की बस्ता बांधायला गांधीनगर. लहानपणी आईच्या आणि आत्याच्या मागे तिथल्या कापडाच्या दुकानांतून मी कितीतरी वेळा फिरले आहे. गादीवर मांडी घालून बसायचं, दुकानदार साड्यांमागून साड्या उलगडत राहायचा, मध्येच चहा यायचा. त्याच जमिनीवर १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याची छावणी होती आणि तिच्यात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, हे मला पस्तिशीला आल्यावर कळलं. महावीर उद्यानातल्या पोलिश स्मारकापाशी पाऊस थांबायची वाट बघत उभी होते, तेव्हा.

त्या वेळी माझ्या पिशवीत एक कादंबरी होती, निम्मी लिहिलेली, कुमारवयीन मुलांसाठी. आईबापांनी जंगलात सोडलेल्या आणि खाऊच्या घरातल्या चेटकिणीच्या तावडीत सापडलेल्या भावंडांची, हॅन्सेल आणि ग्रेटेलची, परीकथा मी दुसऱ्या महायुद्धात नेली होती. ती पूर्ण व्हायला पुढे चार वर्षं लागली, आणि त्या चार वर्षांत तिचं एकही पान जुन्या जागी राहिलं नाही. मुलांसाठी असं काही लिहू बघणारे मला विचारतात की हे झालं कसं. जसं झालं तसं सांगते.

पहिला खर्डा जर्मनांनी व्यापलेल्या पोलंडमध्ये घडत होता. बहीणभाऊ जंगलात, जंगलात घर, घरात म्हातारी आणि शेवटी भट्टी. मूळ गोष्टीत बहीण चेटकिणीला भट्टीत ढकलते, तसंच. इतिहास शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला मी तो वाचायला दिला. तिने शेवटच्या प्रकरणावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "भट्टी? या देशात? या वर्षांत?" बस, एवढंच. मला रात्रभर झोप आली नाही. ज्या भूमीवर नाझींच्या बिर्केनाऊच्या छावणीत लाखो माणसं मारून त्यांची प्रेतं जाळली गेली, त्या भूमीवरच्या गोष्टीत कुणाला तरी भट्टीत ढकलून मुलांना सुटकेचा आनंद द्यायचा, हे कुठल्याही अंगाने बरोबर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी भट्टी काढली. भट्टी गेल्यावर गोष्टीला शेवट उरला नाही, आणि शेवट नसल्यावर मधलंही सगळं पोकळ वाटायला लागलं. त्या अवस्थेत कादंबरी सात-आठ महिने पडून होती.

मग मी मूळ गोष्टीकडे परत गेले, या वेळी सावकाश. ती ज्यात आहे त्या, ग्रिम या जर्मन बंधूंच्या लोककथासंग्रहाचा पहिला खंड डिसेंबर १८१२ मध्ये निघाला. ते राहत होते ते कासेल शहर तेव्हा नेपोलियनच्या भावाच्या, झेरोम बोनापार्टच्या, राज्याची राजधानी होतं आणि थोरला ग्रिम, याकोब, त्याच परक्या राजाचा ग्रंथपाल म्हणून नोकरी करत होता. पुस्तक निघालं त्याच महिन्यात नेपोलियनच्या फौजेचे उरलेसुरले सैनिक रशियाच्या बर्फातून माघारी येत होते, आणि त्या फौजेत कासेलच्या मुलखातलीही पोरं होती. म्हणजे मी परीकथेला युद्धात नेत होते असं जे मला वाटत होतं, ते उलटं होतं. ती युद्धात बसूनच लिहून घेतली गेली होती. गोष्टीची सुरुवात तरी काय आहे? लाकूडतोड्याचं घर, महागाई, चार तोंडं आणि अपुरी भाकर. पोरं भुकेने जागी आहेत म्हणून त्यांना आईबापांचं बोलणं ऐकू येतं. ही ओळ मी लहानपणापासून वाचत आले होते, पण पोरं जागी का आहेत याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट कळली, आणि माझी कादंबरी तिच्यावरच फिरली. १८१२ च्या आवृत्तीत मुलांना जंगलात सोडायचं ठरवणारी बाई सावत्र आई नाही, सख्खी आहे. सावत्रपण तिला पुढे, १८४० च्या आवृत्तीत चिकटलं.

स्मारकापाशी उभी राहिल्यानंतर मी वळिवड्याचं मिळेल ते वाचायला लागले. ही माणसं आमच्या पंचगंगेकाठी आली कशी? १ सप्टेंबर १९३९ ला पश्चिमेकडून जर्मनी पोलंडमध्ये घुसली आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा. पूर्व पोलंडमधून माणसं उचलून सैबेरियाकडे नेण्याची पहिली मोठी लाट १० फेब्रुवारी १९४०, ऐन हिवाळ्याची. तिच्यात कुणाची घरं रिकामी केली? जमिनी मिळालेल्या माजी सैनिकांची आणि वनरक्षकांची. वनरक्षक! ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि नुसती बसून राहिले. मला माझा लाकूडतोड्या सापडला होता. स्वतःचं जंगल राखणारा बाप आता उत्तर रशियातल्या अर्खांगेल्स्कच्या जंगलात पहारेकऱ्यांच्या देखरेखीखाली झाडं पाडतो, आणि ठरलेलं काम भरलं नाही तर त्याच्या वाट्याचा पाव कमी होतो. परीकथेतलं जंगल, लाकूडतोड्या आणि पाव, तिन्ही एका जागी. मी काहीही ओढूनताणून बसवलं नव्हतं.

मुलांची नावं पोलिश गोष्टीतलीच ठेवली, याश आणि माऊगोशा. पोलंडमध्ये ही परीकथा याच नावांनी सांगतात. भाषेने मात्र दोनदा अडवलं. पोलिशमध्ये आईला 'मामा' म्हणतात, तर 'बाबा' म्हणजे म्हातारी, त्यांच्या चेटकिणीचं नावच बाबा यागा. मराठी पोराने ते वाचलं तर घरातली सगळी नाती उलटीपालटी. मी दोन्ही शब्द सोडले. माझ्या पुस्तकात याश 'आई' म्हणूनच हाक मारतो.

नवीन खर्ड्याची पहिली वाचक माझी भाची, तेव्हा आठवीत. दिवाळीच्या सुट्टीत ती पोटावर पडून वाचत होती. मूळ गोष्टीतल्यासारखा माझा याशही वाट सापडावी म्हणून पावाचे तुकडे टाकत चालला होता. ती थांबली.

"मावशी, ही दोघं उपाशी आहेत ना गं?"

"हो."

"मग तो पाव टाकतोच कसा? मी तर खाल्ला असता."

दोनशे वर्षं सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीतली फट तिने अशी सहज दाखवली. पोलिश घरांत पाव खाली पडला तर उचलून त्याचं चुंबन घ्यायची रीत आहे. आपल्याकडे अन्नाला पाय लागला तर आपण हात लावून डोळ्यांना लावतो, तसंच ते. अशा घरातलं, दोन हिवाळे उपासमारीत काढलेलं पोर पावाचा कण जमिनीवर टाकणार नाही. तो वाळवून, फडक्यात बांधून, पोटाशी धरून झोपेल. भुकेलं पोर पावाचे तुकडे टाकत नाही, हे मी कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवलं. अजूनही ते तिथे आहे.

पण मग वाट कशाने लक्षात ठेवायची? त्यातून दोरा आला. माऊगोशाच्या स्वेटरची बाही उसवलेली आहे. प्रत्येक स्टेशनावर ती लोकर थोडी ओढते आणि एक गाठ मारते. मोठं स्टेशन असेल तर दुहेरी गाठ. गाडी रात्रभर रुळावर नुसतीच उभी राहिली तर गाठ नाही, नुसता पीळ. जमिनीवर काहीच मागे राहत नाही. वाट तिच्या मुठीत गोळा होत जाते, आणि बाही आखूड होत कोपरापर्यंत येते. गाठी नीट समजाव्यात म्हणून मी स्वतः लोकर घेऊन त्या मारून बघितल्या, अंधारात, नुसत्या बोटांनी चाचपून. दुहेरी गाठ बोटाला लगेच कळते. पीळ मात्र दोन दिवसांत सुटून जातो. तो सुटतो, हेही मी पुस्तकात घेतलं.

सगळ्यात कठीण गेलं ते आईचं प्रकरण. ते अकरा वेळा लिहिलं.

१९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने सोव्हिएत रशियावर हल्ला केला आणि जुलैअखेरीस पोलंडच्या परागंदा सरकारशी स्टालिनच्या सरकारचा करार झाला. पोलिश कैदी सुटले आणि पोलिश जनरल अँडर्सच्या नव्या फौजेकडे, म्हणजे दक्षिणेला, उझबेकिस्तानच्या बाजूला सरकू लागले. तिथे टायफसची, उवांमुळे पसरणाऱ्या तापाची, साथ आणि खायला काही नाही. फौजेबरोबर पोलिश अनाथालयंही होती, आणि देशाबाहेर जाण्याची संधी फौजेला, फौजींच्या कुटुंबांना आणि या अनाथालयांतल्या मुलांना होती. तेव्हा कितीतरी आयांनी आपली पोरं त्या दारात नेऊन सोडली, जगावीत म्हणून. आई जिवंत असताना पोरं अनाथ म्हणून आत गेली.

मी आधीच्या खर्ड्यात आईला दुष्ट केलं होतं. सावत्र सुद्धा नाही, थेट दुष्ट. हे वाचल्यावर मला तिची माफी मागावीशी वाटली. ग्रिमांच्या पहिल्या आवृत्तीतली सख्खी आई मी परत आणली. ती मुलांना सोडते, पण का सोडते ते आता पार उलटं झालं होतं. त्या प्रकरणात ती माऊगोशाची वेणी घालते. केस इतके विरळ झालेत की वेणी करंगळीएवढी होते. मग म्हणते, आत विचारलं तर सांगायचं, आई नाही. माऊगोशा म्हणते, पण तू आहेस. आई म्हणते, परत सांग. आई नाही. परत सांग. याश लहान आहे, त्याला हा खेळ वाटतो, तो जोरात म्हणतो, "आई नाही!" आणि आई त्याला शाबासकी देते. अकराव्या खर्ड्यात मी या जागी एकही विशेषण ठेवलं नाही. रडणंसुद्धा काढलं. आई बाहेरच्या भिंतीला टेकून उभी राहते, आणि प्रकरण संपतं.

खाऊचं घर मला पहलवीच्या किनाऱ्यावर मिळालं. १९४२ च्या वसंतात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये क्रास्नोव्होद्स्कहून कॅस्पियन समुद्र ओलांडून गच्च भरलेली जहाजं इराणच्या पहलवी बंदरावर लागली. सगळ्यांचे केस भादरले, उवांनी भरलेले कपडे जाळले. माऊगोशाचा स्वेटरही जळतो. दोरा तिने गालात लपवलेला आहे, म्हणून वाचतो. आणि मग अन्न. खजूर, उकडलेली अंडी, चरबीदार मटण. दोन वर्षं आकसलेल्या पोटांना ते झेपलं नाही, आणि सुटून आलेली कितीतरी माणसं भरपेट जेवून दगावली. तिथे चेटकीण कुणीच नव्हती. देणारे हात प्रेमाचे होते, इराणी बायाबापड्यांचे होते. म्हणून मी चेटकिणीची कामं माऊगोशाला दिली. ती याशला कोंडते. अंडं त्याच्या हातातून हिसकावते आणि चमच्या-चमच्याने पेज पाजते. याश तिला चेटकीण म्हणून ओरडतो. मूळ गोष्टीत चेटकीण रोज हॅन्सेलचं बोट चाचपते, पोरगा खाण्याजोगा झाला का बघायला. माझी माऊगोशा रोज सकाळी याशचं मनगट चाचपते. तिलाही ते जाड व्हायलाच हवं आहे.

एका प्रकाशकाने हस्तलिखित वर्षभर ठेवून घेतलं आणि मग कळवलं की युद्ध कमी करा, जादू वाढवा आणि शेवटी आई परत आणा, मुलांना दुःख नको. मला ते फार लागलं. माझ्या भाचीच्या वयाची, तिच्याहून लहान पोरं त्या बोटीवर होती. जे त्यांनी सोसलं ते आपल्या पोरांना वाचताही येणार नाही, असं मी मानत नाही. आता ते दुसरीकडे, लहानशा प्रकाशनाकडे गेलं आहे आणि त्यांनी आईला हात लावलेला नाही.

शेवट मात्र मला खरोखर बदलावा लागला. मूळ गोष्टीत मुलं हिरेमोती घेऊन घरी जातात. यांचं घर कुठे होतं? १९४५ मध्ये सरहद्द सरकली आणि पूर्व पोलंडमधली त्यांची गावं सोव्हिएत संघात गेली. इराणहून पुढे वळिवड्यात आल्यावर त्यांना शाळा मिळाली, चर्च मिळालं, नाटकं झाली, स्काऊटची पथकं झाली, पोरं पंचगंगेच्या काठी मोठी झाली. पण माऊगोशाच्या दोऱ्यातली पहिली गाठ ज्या स्टेशनाची, ते आता तिच्या देशात नव्हतं. छावणी उठते तेव्हा ती दोरा बरोबर नेत नाही. बराकीच्या तट्ट्याच्या भिंतीत, खिडकीशेजारी, तो ओवून ठेवते.

पोलिश लोक गेल्यावर त्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली आणि वळिवडे छावणीचं गांधीनगर झालं. माझं शेवटचं पान तिथलं आहे. साताठ वर्षांची एक सिंधी मुलगी नव्या घराचा केर काढताना तो दोरा ओढून बाहेर काढते. आईला विचारते, हे काय आहे? आई पेटीतून भांडी काढते आहे, तिचं लक्ष नाही. मुलगी उंबऱ्यावर बसते आणि बोटांनी गाठी मोजायला लागते. एक. दोन. तिसरी दुहेरी.