पंख्याचा रेग्युलेटर लावला तर चालेल का?

माझा लाकडाचा लेथ, म्हणजे लाकूड फिरवत पटाशीने गोल घडवायचा खराद, छोटाच आहे. पत्र्याच्या शेडमध्ये असतो, त्यावर लाटणी, भोवरे, कधीमधी एखादा वाडगा होतो. बघायला येणाऱ्याची नजर मात्र हेडस्टॉकवरच्या, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या डोक्यावरच्या, बटणाकडे जाते. ते फिरवलं की वेग कमी-जास्त होतो. मोटर भंगारातल्या ट्रेडमिलची आहे हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "आमच्याकडे कूलरची मोटर पडून आहे. तिला पंख्याचा रेग्युलेटर लावला तर चालेल का?"

नाही चालणार. का, ते एकदा नीट लिहूनच टाकतो.

पंखा रेग्युलेटरवर चालतो तो पंख्याच्या स्वभावामुळे. हवा ढकलायला लागणारा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. वेग निम्मा झाला की पावपट जोर पुरतो. पंख्या-कूलरात असते तशा इंडक्शन मोटरचं (कार्बन नसलेली साधी एसी मोटर) व्होल्टेज निम्मं केलं की तिचा जोरही साधारण पावपटच उरतो. दोघांचं जमून जातं. लाकडाचं तसं नाही. वेग कमी केला म्हणून शिसवाची गाठ मऊ होत नाही. उलट तुकडा मोठ्या व्यासाचा असतो म्हणूनच आपण वेग कमी केलेला असतो, आणि तिथे पटाशी मध्यापासून लांब टेकत असल्यामुळे जोर जास्तच लागतो. रेग्युलेटरवरची मोटर अशा वेळी नुसती घुमते, अडकते आणि तापते. थोड्या वेळाने वायंडिंगचा वास येतो.

मुळात वेग बदलायची गरज का पडते, हेही बघा. साधी चार पोलची मोटर मिनिटाला १४४० फेरे फिरते. दीड इंची लाटण्याचा पृष्ठभाग त्या वेगाला ताशी जेमतेम १० किलोमीटरने पटाशीपुढून जातो. तिथेच १० इंची वाडग्याचा ओबडधोबड ठोकळा लावला तर त्याची कड ताशी ६९ किलोमीटरने फिरते. एका बाजूला जड असलेला ठोकळा त्या वेगाला आधी लेथ नाचवतो आणि मग चकमधून (लाकूड धरणाऱ्या पकडीतून) सुटतो. लेथवाल्यांचा एक ठोकताळा आहे: इंचातला व्यास गुणिले फेरे, उत्तर ६,००० ते ९,००० च्या मध्ये ठेवायचं. म्हणजे १० इंचाला ६०० ते ९००, आणि ठोकळा गोल होईपर्यंत त्याहूनही कमी.

पायऱ्यांच्या पुलीवर पट्टा बदलून हे करता येतंच, पण प्रत्येक वेळी लेथ बंद करा, पट्टा ढिला करा, सरकवा, परत ताणा. कंटाळा येतो आणि माणूस चुकीच्याच वेगावर काम उरकतो. लाखकामात तर वेग हाताशीच हवा. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते, मग ती केवड्याच्या पानाने सारखी करतात. पूर्वी एक जण दोरी ओढून खराद फिरवायचा आणि दुसरा पटाशी धरायचा, तेव्हा वेग कमी करायला "जरा सावकाश रे" एवढं म्हटलं की भागायचं. सावंतवाडीच्या चितार आळीत रंगीत खेळणी बघताना मला नेहमी त्या दोरीवाल्याची आठवण येते. मोटर आली आणि ही सोय गेली.

आता मोटर कुठली घ्यायची. मिक्सरची नको: ती थोडा वेळ चालून थांबण्यासाठीच बनवलेली असते, आणि भार नसला की वेग सुटतो. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनची कार्बनवाली मोटर चांगली. पण तिचाही वेग असाच सुटतो, म्हणून मागच्या टॅकोवरून (वेगाच्या सेन्सरवरून) वेग मोजून सावरणारा बोर्ड लागतो. शिलाई मशीनची भोवऱ्यापुरती. ट्रेडमिलची मोटर कायम चुंबकाची, डीसी, बहुधा १८० व्होल्टची. तिचा वेग व्होल्टेजप्रमाणे बदलतो आणि जोर करंटप्रमाणे, त्यामुळे वेग उतरवला तरी जोर शाबूत राहतो. आपल्याला हवं ते नेमकं हेच. आणि ट्रेडमिल भंगारात कमी नाहीत. जानेवारीत घेतलेल्या मार्चपासून टॉवेल वाळत घालायच्या कामी येतात.

भंगाराच्या दुकानात ती तपासायला मीटरही लागत नाही. दोन्ही वायर सुट्या ठेवून शाफ्ट बोटांनी फिरवा. तो हलका फिरला पाहिजे. मग दोन्ही टोकं एकमेकांना जोडून परत फिरवा. आता काकवीत हात घातल्यासारखा जडपणा लागला, तर चुंबक, कार्बन आणि आर्मेचर (आतला फिरता भाग) तिन्ही जिवंत आहेत. काहीच फरक नाही पडला तर परत ठेवा. कार्बनची टोपी काढून आत डोकवा: कार्बन ज्यावर घासतो ते तांब्याचं कॉम्युटेटर एकसारखं तपकिरी हवं, काळंनिळं किंवा चरे पडलेलं नको. मोटरसायकलची १२ व्होल्टची बॅटरी हाताशी असेल तर लावून बघा. मोटर मिनिटाला दोन-अडीचशे फेऱ्यांनी शांत फिरते.

आता ज्याच्यावर बहुतेकांचं घोडं अडतं ते. नेमप्लेटवर १.५ एचपी वाचून लोक खूश होतात आणि जुन्या अर्धा एचपीच्या जागी ती थेट बसवतात. पण तो आकडा ४,००० फेऱ्यांवरचा आहे. हिशोब मांडला तर तिथे जोर निघतो साधारण २.७ न्यूटन-मीटर (फिरवायचा जोर मोजायचं एकक), आणि तुमच्या जुन्या अर्धा एचपीचा १४४० फेऱ्यांवर २.५. म्हणजे शाफ्टवर जवळजवळ काहीच वाढलं नाही! तिपटीचा फायदा पुलीतून घ्यायचा असतो. मोटरवर लहान आणि स्पिंडलवर (लाकूड फिरवणाऱ्या दांड्यावर) तिप्पट मोठी पुली लावली की स्पिंडलला ८ न्यूटन-मीटर मिळतात आणि वेग शून्याच्या जवळपासून १,३०० पर्यंत. वाडग्यांना ते झकास. लाटण्या-भोवऱ्यांसाठी दीडपटीची दुसरी पायरी ठेवायची, ती २,६०० पर्यंत नेते. म्हणून माझं सांगणं असतं की बटण आलं तरी पुल्या काढू नका. पट्टा दिवसातून एखाद वेळा बदलावा लागेल, बाकी बटणावर. पेटीवर छापलेला 'पीक' एचपी तर वाचूच नका, मोटरवरचा 'कंटिन्युअस' काय तो बघा.

या मोटरच्या फ्लायव्हीलचे आटे बहुधा उलटे असतात. दिशा बदलायची म्हणून वायरी उलटवल्या तर फ्लायव्हील चालता चालता सुटू शकतं. वायरींऐवजी मोटरच टोकाटोकाने फिरवून बसवा.

कंट्रोलर त्याच ट्रेडमिलचा मिळाला तर बरं, पण पॉट (फिरवायच्या बटणामागचा बदलता रेझिस्टर) लावून चालणारा हवा; काही बोर्डांना कन्सोलकडूनच (ट्रेडमिलच्या बटणांच्या पॅनेलकडूनच) सिग्नल लागतो, त्यांना पॉटचं काही कळत नाही. नाहीतर बाजारात तयार डीसी ड्राइव्ह मिळतो. हे बोर्ड बहुधा थेट मेनवर बसलेले असतात, त्यामुळे पॉटच्या पायांतही २३० चा झटका असू शकतो. बटण प्लॅस्टिकचं, डबा बंद, मोटरच्या बॉडीला अर्थिंग. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तेव्हा लगेच हात घालू नका.

आणि शेतातल्या पंपाला असतो तसा स्टार्टर लावा, नो-व्होल्ट कॉइलचा. लाईट गेली की तो सुटतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय परत धरत नाही. पंपाला लोक 'ऑटो' लावतात, कारण रात्री दोनला लाईट आली तर उठायला नको. लेथला ऑटो चुकूनही नको. चकमध्ये वाडगा आणि वर वाकलेले तुम्ही, अशात लाईट येता कामा नये.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायची तर, आज कोणी पहिल्यापासून सुरुवात करत असेल आणि खिशात थोडे जास्त पैसे असतील, तर मी ट्रेडमिलच्या नादी लागू नका म्हणेन. ती मोटर उघडी असते, भुसा ओढून घेते. कार्बन आणि भुसा ही जोडी चांगली नव्हे, वरून टोपण करावं लागतं. त्यापेक्षा भंगारातली बंद बॉडीची थ्री फेज १ एचपी घ्या आणि घरच्या सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी (फ्रीक्वेन्सी बदलून वेग बदलणारा ड्राइव्ह) लावा. आपल्याकडच्या या लहान मोटरी ४१५ व्होल्टला स्टारमध्ये (तिन्ही वायंडिंगची एकेक टोकं एकत्र) जोडलेल्या असतात; टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर पट्ट्या बदलून डेल्टा (टोकाला टोक, त्रिकोणात) केली की २३० वर चालतात. तीनच टोकं असतील तर वायंडिंगवाल्याकडून आतला स्टारचा जोड उघडून घ्यावा लागतो. फक्त १५ हर्ट्‌झच्या खाली फार वेळ चालवू नका, मागचा पंखा शाफ्टवरच असल्याने वारा पुरत नाही.

आणि हो, काढलेली अर्धा एचपी विकू नका. तिला दगड लावा. पटाशांना धार द्यायला १४४० चा संथ ग्राइंडर उत्तम, पातं निळं पडत नाही, आणि तिथे वेग बदलायची गरजही नाही.