नवीन आहे हे लगेच कळतं का?

कच्छच्या चुनखडीतले जीवाश्म बघते म्हटलं की लग्नाकार्यात हमखास विचारतात, "नवीन प्रजाती सापडली की लगेच कळतं का हो?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नाही कळत. आणि बहुतेक वेळा ती नवीन नसतेच.

कच्छमधला फुलरा चुनखडक म्हणजे सुमारे 4 कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा तळ. त्यात न्युम्युलाइट्स खच्चून भरलेत. एकपेशीय जीवांची चपटी, गोल कवचं. काही मिलिमीटरभर, काही रुपयाच्या नाण्याएवढी. वरून बघून फारसं हाती लागत नाही. कवच ज्योतीवर तापवून गार पाण्यात टाकलं की बरोबर मधोमध दुभंगतं आणि आतली वेटोळी, कप्पे सगळं उघडं पडतं. या कामाचा मला कधीच कंटाळा येत नाही.

खरी मेख मध्यभागी. एकाच प्रजातीत दोन तऱ्हा असतात. अलैंगिक प्रजननातून आलेल्या पिढीचं कवच लहान, पण पहिला कप्पा ठळक. लैंगिक प्रजननातून आलेलीचं कवच कितीतरी मोठं, पहिला कप्पा मात्र सूक्ष्मदर्शकाखालीही शोधावा लागतो. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात हे उमगेपर्यंत एकाच जीवाला दोन-दोन नावं मिळत गेली होती.

म्हणून एका देखण्या कवचावर नवी प्रजाती उभी केलेली दिसली की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. एकाच थरातली भरपूर कवचं हवीत, लहानमोठी, दोन्ही पिढ्यांची. प्रत्येक वेटोळ्यातले कप्पे मोजायचे, पहिल्याचा व्यास घ्यायचा. मग जुनी वर्णनं काढून बसायचं. कच्छचीच 1840 पासून छापलेली आहेत, शिवाय इजिप्त, फ्रान्स, इटलीची. चित्रं हाताने काढलेली, मजकूर कधी दोनच ओळी. कुणी आधी नाव देऊन ठेवलं असेल तर सहसा तेच चालतं, तसा नियमच आहे.

एवढ्यातून तरलं तर वर्णन लिहायचं, एक कवच होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा अधिकृत नमुना, ठरवायचं आणि ते कुठल्या संग्रहात ठेवलंय ते छापायचं. उद्या कुणाला मला खोडून काढायचं असेल, तर नेमकं तेच कवच हातात घेता आलं पाहिजे.

पुढचा प्रश्न ठरलेला: "मग स्वतःचं नाव का नाही देत?" नियमाची आडकाठी नाही, पण आमच्यात ते शोभत नाही. शिवाय नाव द्यायची वेळ येते कुठे! शंका उरली की मी प्रजातीच्या नावाऐवजी नुसतं 'एसपी.', म्हणजे 'प्रजाती नक्की नाही', एवढंच लिहून स्लाइड कपाटात ठेवते. अशा स्लाइड्स पुष्कळ साठल्यात.