सिटी रोडवरचे वेस्ली चॅपल

लंडनच्या ओल्ड स्ट्रीट स्थानकातून बाहेर पडून सिटी रोडने दक्षिणेकडे चालू लागले की, काचेच्या उंच कचेऱ्यांच्या मध्ये, फरसबंद अंगणामागे विटांची एक प्रमाणबद्ध इमारत दिसते. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७७८ मध्ये उघडलेले हे चॅपल, म्हणजे प्रार्थनामंदिर, आजही नियमित उपासनेचे ठिकाण आहे. मी ख्रिस्ती नाही. या भागात नोकरीनिमित्त येणे झाले आणि उत्सुकतेपोटी एका रविवारी आत गेलो. दारातल्या आजींनी गीतांचे पुस्तक हातात दिले, माझे नाव पुन्हा विचारून नीट उच्चारून घेतले आणि मला एकटे बसू न देता एका कुटुंबाशेजारी जागा करून दिली. मंडळीत आफ्रिकेतून आणि कॅरिबियन बेटांवरून आलेली घराणी बरीच आहेत. उपासनेनंतर चहाच्या टेबलाशी कोणाला घर हवे आहे, कोण रुग्णालयात आहे, कोणाच्या मुलाची परीक्षा जवळ आली आहे, याची चौकशी चालते.

हे अगत्य निव्वळ स्वभावातून आलेले नाही, असे माझे मत आहे. त्यामागे एक जुनी व्यवस्था आहे आणि तिचा उगम चक्क कर्जफेडीत आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरातल्या मेथडिस्टांच्या सभागृहावरचे कर्ज फेडण्यासाठी १७४२ मध्ये असे ठरले की, सभासदांचे सुमारे बारा जणांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाच्या प्रमुखाने दर आठवड्याला घरोघर जाऊन माणशी एक पेनी गोळा करावी. पैशासाठी घरी जाणाऱ्या या प्रमुखांना कोण आजारी आहे, कोणाचे काम सुटले आहे, कोण दारूच्या आहारी गेला आहे, हे आपोआप कळू लागले. वेस्लींनी त्यातले मर्म ओळखले आणि हेच गट पुढे मेथडिस्ट जीवनाचा कणा बनले. माणसाची विचारपूस ही कोणाची तरी नेमून दिलेली जबाबदारी असली तरच ती टिकते, हे त्यांना नेमके उमगले होते.

हे चॅपल बांधण्यापूर्वी वेस्लींचे काम जवळच, तोफा ओतण्याच्या एका पडक्या कारखान्यातून चाले. तेथे त्यांनी १७४६ मध्ये गरिबांसाठी मोफत औषधे देणारा दवाखाना आणि कर्जाऊ रकमेचा एक निधी सुरू केला. आपल्याकडच्या बचतगटाची आठवण व्हावी असा तो प्रकार होता: सुरुवातीला कर्ज वीस शिलिंगांपर्यंतच, म्हणजे एक पौंडापर्यंतच, मिळे आणि तीन महिन्यांत फेडावे लागे. जेम्स लॅकिंग्टन नावाच्या चांभाराने या निधीतून पुढे पाच पौंड घेऊन जुन्या पुस्तकांचा व्यवसाय वाढवला आणि अखेर जवळच्याच फिन्सबरी स्क्वेअरमध्ये पुस्तकांचे भव्य दुकान थाटले. मधल्या काळात त्याने आत्मचरित्रात मेथडिस्टांची यथेच्छ टिंगलही केली. नंतर पश्चात्ताप होऊन त्यांच्यासाठी चॅपले बांधून दिली. मला हा माणूस फार आवडतो.

इमारतीतही ही देवघेव दिसते. सज्जाला आधार देणारे मूळ खांब म्हणजे राजा तिसरा जॉर्ज याने दिलेल्या जहाजांच्या डोलकाठ्या होत्या. वेस्लींच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा या डोलकाठ्यांच्या जागी परदेशांतील मेथडिस्ट मंडळ्यांनी दिलेले संगमरवरी खांब बसवण्यात आले. परदेशांतून आधी खांब आले आणि पुढे माणसे.

लंडनला येणाऱ्यांनी शेजारचे वेस्लींचे घर आणि तळघरातले संग्रहालय अवश्य पाहावे. घरात विजेचे धक्के देऊन उपचार करण्याचे त्यांचे यंत्र ठेवले आहे. रस्त्यापलीकडच्या बनहिल फील्ड्स या दफनभूमीत त्यांच्या आई सुझॅना यांची, तसेच कवी विल्यम ब्लेक यांची समाधी आहे. मात्र शक्य असेल तर रविवारी या आणि चहाला थांबा. संग्रहालय इतर दिवशीही पाहता येते.