खजुराहून लहान घास

वृद्धनिवासातल्या आहारतज्ज्ञाचं निम्मं आयुष्य वजनकाट्यापुढे जातं. कोणाचं वजन उतरलं, कोणाला गिळताना ठसका लागतो, कोणाचं ताट जसंच्या तसं परत आलं, याच्या नोंदी. मी मूळची सांगलीची, काम करते मेलबर्नमध्ये, कॉलफिल्डच्या बाजूला. महायुद्धानंतर छळछावण्यांतून वाचलेले हजारो ज्यू या शहरात येऊन स्थिरावले, त्यामुळे आमच्याकडचे बहुतेक रहिवासी ज्यू. स्वयंपाकघर कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांनुसार. मांसाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, सिंकसुद्धा दोन. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या मुलीला हे शिकायला फार वेळ लागला नाही.

शिकावं लागलं ते दुसरंच. नव्या माणसाला इथे आधी काही गोष्टी बजावून सांगतात. शॉवरखाली न्यायचं तर पाणी आधी सोडून दाखवा. पांढरा कोट घालून खोलीत शिरू नका. लोकांना रांगेत उभं करू नका. आणि उशीखाली किंवा खणात पावाचा तुकडा सापडला तर गुपचूप उचलून टाकू नका. शिळा झाला असेल तर तिथे ताजा ठेवा.

ज्या बाईंबद्दल लिहिते आहे त्यांच्या खणात पाव कायम असायचा. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नाव तर लिहिणारच नाही. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, मनात मात्र मी त्यांना आजी म्हणायचे. नव्वदीला टेकलेल्या, अंगाने चिपाड, जीभ धारदार. तरुणपणी फ्लिंडर्स लेनमधल्या कपड्यांच्या कारखान्यांत शिवणकाम केलेलं, त्यामुळे माझ्या कुर्त्याची शिवण पाहून त्या कायम नाक मुरडायच्या. ते रास्तच होतं.

वजन घटत होतं म्हणून त्यांचं प्रकरण माझ्याकडे आलं. फाइलमध्ये लिहिलं होतं: पूरक आहार नाकारतात, सहकार्य नाही. पूरक आहार म्हणजे व्हॅनिलाच्या चवीचं, दुधाच्या भुकटीचं ते दाट पेय. मी दोनतीन चवी बदलून पाहिल्या, सगळ्या सिंकमध्ये गेल्या. शेवटी त्यांनीच सांगितलं, "गोड आहे. ब्रिटिशांनी पाजलं होतं तसंच."

याचा उलगडा मला माझ्याच विषयाच्या इतिहासात झाला. १५ एप्रिल १९४५ ला ब्रिटिश सैन्य बर्गन-बेल्सनच्या छावणीत पोचलं तेव्हा तिथे साठेक हजार माणसं होती, निम्मी मरणाच्या दारात. सैनिकांनी दयेपोटी आपल्या शिध्यातले डबाबंद मांसाचे डबे वाटले, आणि महिनोन्‌महिने उपाशी असलेल्यांच्या शरीराला ते सोसलं नाही. खाऊन माणसं मेली. मग दुसरा उपाय काढला: १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेलं मिश्रण. त्याला नावच 'बंगाल फॅमिन मिक्श्चर' होतं. ते पोटाला सोसत होतं, पण इतकं गोड की पुष्कळ रुग्णांना ते जाईना. शिरेतून पोषण द्यायला सुया काढल्या तर रुग्ण किंचाळायला लागले, कारण छावण्यांमध्ये सुई टोचणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. सुटकेनंतरही तिथे तेरा हजारांच्या वर माणसं गेली.

बंगालमध्ये लाखो लोक भुकेने मेले, आणि त्या दुष्काळाची पाककृती दीड-दोन वर्षांत जर्मनीत जाऊन एका हंगेरियन पोरीच्या, म्हणजे आजींच्या, तोंडाशी लागली. मी बराच वेळ फाइल उघडी ठेवून बसले होते. मग गोड बंद केलं. कोंबडीच्या सूपमध्ये दूध घालता येत नाही, पण अंड्याला मज्जाव नाही. पिवळं बलक आणि तेल घालून सूप घट्ट केलं, वर मिरपूड. आजी प्यायला लागल्या. वजन थांबलं.

भुकेचं शरीरशास्त्र आम्हाला शिकवतात त्यातला एक मोठा धडा वॉर्सॉच्या घेट्टोत, ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, लिहिला गेला, हे मला डिग्री मिळाल्यावर कळलं. तिथे ज्यूंना मिळणारा अधिकृत शिधा दिवसाला २०० कॅलरीहूनही कमी होता. १९४२ च्या सुरुवातीला इस्रायल मिलेयकोव्स्की आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी ठरवलं की भुकेने काय होतं ते तरी नीट मोजून ठेवू. नाडी, रक्तदाब, सूज, डोळ्यांची भिंगं, सगळं. मोजणारे स्वतः अर्धपोटी. २२ जुलैला ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटायला लागल्या आणि काम तुटलं. हस्तलिखित भिंतीपलीकडे पोचवलं गेलं, १९४६ मध्ये छापलं. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक तोवर हयात नव्हते. अशा पानांना देवघरात ठेवावं असं मला वाटतं. आम्ही त्यांना परीक्षेत दोन मार्कांचं करून टाकलं आहे.

आता त्या दिवसाकडे येते. २०१८, सप्टेंबर. योम किप्पूर, ज्यूंचा वर्षातला सगळ्यांत कडक उपास. संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी रात्र होईपर्यंत, पंचवीसेक तास, अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. आजींच्या मूत्रपिंडांचा भरवसा नव्हता, लघवी होण्याची गोळी चालू होती. डॉक्टरांनी माझ्याकडे लेखी मत मागितलं, आणि मत उघड होतं: उपास नको. मुलगाही तेच म्हणत होता. आजींनी कागद वाचला, घडी घातली आणि पाणी प्यायच्या कपाखाली ठेवला.

ज्यू धर्मशास्त्र अशा वेळी स्पष्ट आहे. जिवाला धोका असेल तर उपास करायचा नाही, करणं हेच चूक. हे सांगायला एक तरुण राब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, आले. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचा जन्म कधीचा?" ते हसले, पण हलले नाहीत. त्यांनी दुसरी वाट दाखवली, आणि ती ऐकून मीच खुर्ची पुढे ओढली. आजारी माणसाने थोडंथोडं, मापात घ्यायचं. घास एका मोठ्या खजुराहून लहान. पाणी स्वतःच्या गालफडात मावेल त्याहून कमी. दोन घासांमध्ये नऊ मिनिटं. असं घेतलं तर शास्त्राच्या हिशेबाने ते 'खाणं' होत नाही.

मी कॅल्क्युलेटर काढला. औषधाच्या कपाने पस्तीस मिली, तासाला सहा वेळा धरलं तरी दोनशे दहा. पाच तासांत लिटरभर! आजी एरवी दिवसभरात एवढं पाणी पीत नव्हत्या. मी डॉक्टरांना फोन करून म्हटलं, उपासच करू दे त्यांना, तब्येत सुधारेल.

आजी मात्र तयार नव्हत्या. "ही पळवाट आहे. तुमच्यात उपास करतात का?"

मी सांगितलं, करतात की. तुमचा दशमीच्या सुमाराला येतो, लगेच आमची एकादशी. दोघांची पंचांगं चंद्राची, दोन्हींत अधिक मास.

"मग काय खात नाही तुम्ही?"

आता आली का पंचाईत. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट, बटाट्याची भाजी, वरीचे तांदूळ, रताळ्याचा कीस, वर दही. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हणसुद्धा सांगून टाकली. आजी इतक्या हसल्या की ठसका लागला आणि नर्स धावत आली. "आणि मला म्हणते पळवाट!" खरं तर तो शब्द त्यांचाच होता, पण मी गप्प बसले.

मग त्यांनी सांगितलं. मी न विचारता.

१९४४ च्या मे महिन्यात त्यांच्या गावातून गाड्या निघाल्या. त्या उन्हाळ्यात आठ आठवड्यांत हंगेरीतून चार लाखांहून जास्त ज्यू नेले, बहुतेक ऑशविट्झला. फलाटावर आई आणि धाकटा भाऊ एका बाजूला गेले, आजी आणि थोरली बहीण दुसऱ्या. आजी पंधरा वर्षांच्या. सप्टेंबरच्या अखेरीस योम किप्पूर आला. तारीख कुणीतरी मोजून ठेवलेली असायची. बहीण म्हणाली, मी धरणार. आजी म्हणाल्या, वेडी आहेस का, इथे रोजच उपास आहे. "ती म्हणाली, रोजचा ते घडवतात. हा माझा."

दुपारी सूप आलं. सूप ठेवता येत नाही, सांडतं, चोरीला जातं. बहिणीने वाटी पुढे केली. "मी प्यायले. दोन्ही वाट्या. आणि मला बरं वाटलं. तेच मला विसरता येत नाही, बरं वाटलेलं."

बहीण बेल्सनमध्ये गेली, सुटकेनंतर, टायफसने.

तेव्हापासून आजी हा एक दिवस धरतात. देवावर विश्वास नाही, असं त्या सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, मोठ्याने सांगून आलेल्या. मध्ये योगाच्या वर्गाला जाऊन झालं, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींबरोबर मौनात बसून झालं, घरी तत्त्वज्ञ स्पिनोझाची पारायणं झाली. "सगळी दुकानं हिंडले. काही घेतलं नाही, पण हिंडायचं सोडलंही नाही." उपास कोणाला पोचतो हे त्यांना माहीत नव्हतं. देणं आहे, एवढं माहीत होतं. नवरा वारला त्या वर्षीही चुकवलं नव्हतं, मुलाच्या वेळी दिवस गेलेले असताना मात्र राब्बींनी सोडायला लावलं होतं, आणि तो राग अजून होता.

मी काय बोलणार? माझ्या नोकरीच्या वर्णनात याच्यासाठी रकाना नाही. मी एवढंच विचारलं, की वाटी तुमची आणि तिची. पाणी त्यात येतं का?

त्या बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, पाणी नाही येत. पाणी घेईन. घास घेणार नाही.

राब्बींना फोन केला. ते म्हणाले, डॉक्टरांना चालत असेल तर पाणीच पुरे. डॉक्टर म्हणाले, लघवीची गोळी त्या दिवशी बंद, दर चार तासांनी रक्तदाब, चक्कर आली तर उपास संपला. आजींनी आपलीही एक अट घातली: घड्याळ त्यांच्या हातात. आम्ही पाजायचं नाही, त्या मागतील.

दुसऱ्या दिवशी मी दोनदा डोकावले. टेबलावर औषधाचे कप ओळीने मांडलेले, आजी भिंगातून प्रार्थनेचं पुस्तक वाचत होत्या आणि मधूनच एका ओळीवर बोट ठेवून "हे खोटं आहे" म्हणत होत्या. दुपारी रक्तदाब थोडा खाली गेला, पाय उंच केले, परत वर आला. चांगलं अंधारल्यावर हेरिंग मासा, पाव आणि सूप. त्यांनी सूप मागून घेतलं आणि मीठ कमी असल्याची तक्रार केली. शुक्रवारचे रक्ताचे रिपोर्ट आधीच्या महिन्यापेक्षा बरे होते. एवढं पाणी त्यांच्या पोटात कित्येक दिवसांत गेलं नसावं.

आता आमच्याकडे योम किप्पूरच्या आधीच प्रत्येक रहिवाशाला विचारून यादी करतात: कोण पूर्ण धरणार, कोण मापाने, कोणाची कुठली गोळी थांबवायची. आजींनी त्यांच्या नावापुढे लिहायला लावलं: पाणी हो, पाव नाही, आणि गोड तर कधीच नाही.